उंदरांचा निबंध आणि बाबांचं इंजेक्शन

पत्र : आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो. बाबा ७१ वर्षांचे. वीस वर्षांपासून टाइप टू डायबेटीस आहे, गोळ्या आणि रात्रीचं इन्सुलिन चालू आहे. दोन वर्षांपूर्वी पॅरॅलिसिसचा हलका अटॅक येऊन गेला, आता चालते-फिरते आहेत. डोळ्यांना लेझर झालंय. गेल्या आठवड्यात बी. फार्म. करणाऱ्या भाच्याने घरच्या ग्रुपवर एक शोधनिबंध टाकला. डायबेटीस असलेल्या उंदरांना स्ट्रोकनंतर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं, तर फायदा झाला नाही, उलट मेंदूत रक्तस्राव वाढला, असं त्यात आहे. माझा भाऊ ऐरोलीला असतो. तो म्हणतो, बाबांच्या फाइलवर आत्ताच लिहून ठेवू की हे इंजेक्शन द्यायचं नाही. डायबेटीस आणि आधी स्ट्रोक, दोन्ही असलेल्यांना ते चालतच नाही, असंही त्याने शोधून काढलंय. बाबांचं एकच म्हणणं, ‘मला अंथरुणावर खितपत ठेवू नका.’ मी काय करू? आणि माझी नववीतली मुलगी विचारते, उंदरांना मुद्दाम डायबेटीस करतात हे खरं का?

— एक वाचक, ठाणे

ताई, फाइलवर तसं काही लिहू नका. दादांनाही लिहू देऊ नका. फाइलवर लिहिण्यासारख्या दुसऱ्या गोष्टी आहेत, त्यांच्याकडे शेवटी येते.

आधी भाच्याचं कौतुक. ‘रोज लसणाच्या दोन पाकळ्या खा, झटका टळेल’ असलं काही न टाकता त्याने खरा निबंध टाकला. तुम्ही जोडलेली प्रत मी वाचली. डेट्रॉइटच्या प्रयोगशाळेतला, २०१२ सालचा आहे. दादांनी तो चुकीचा वाचलेला नाही. मधुमेही उंदरांना टीपीए, म्हणजे गुठळी विरघळवणारं ते औषध, दिल्यावर मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची गळती वाढली, रक्तस्राव वाढला आणि पदरात फायदा पडला नाही. इथपर्यंत सगळं बरोबर. त्यानंतर उंदरावरून थेट बाबांवर जी उडी मारली, तिथे माझा आक्षेप आहे.

मी बरीच वर्षं औषधशास्त्र शिकवलं आणि त्यातली काही प्राणिगृहात, पांढऱ्या उंदरांच्या सहवासात काढली. म्हणून हा उंदीर कोण, ते सांगते. तो बहुधा नर असतो आणि तरुण असतो. स्ट्रोक हा मुख्यतः उतारवयातला आजार, पण प्रयोगातला उंदीर माणसाच्या हिशेबात कॉलेजात जाणारा. त्याचा डायबेटीस आपसूक आलेला नसतो. स्ट्रेप्टोझोटोसिन नावाचं रसायन आहे, मुळात मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालेलं. ते टोचलं की स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी मरतात आणि दोन-तीन दिवसांत साखर चढते. हा झाला टाइप वनसारखा डायबेटीस. बाबांचा टाइप टू, वीस वर्षं मुरलेला, त्यावर गोळ्या, इन्सुलिन आणि (मला खात्री आहे) तुमच्या आईंची भातावरची नजर. उंदराच्या साखरेवर बहुतेक वेळा काहीच उपचार नसतो. टाइप टूच्या जवळ जाणारे प्राणीही वापरतात, गोटो-काकिझाकी नावाचे मुळातच मधुमेही उंदीर किंवा डीबी/डीबी उंदीर. पण स्ट्रेप्टोझोटोसिन स्वस्त आणि सोपं, म्हणून पुष्कळ काम त्यावरच होतं.

मग स्ट्रोक. काही प्रयोगशाळा उंदराच्याच रक्ताची गुठळी करून ती मेंदूच्या मधल्या धमनीत सोडतात. पण अनेक ठिकाणी बारीक नायलॉनचा धागा मानेतल्या धमनीतून वर सरकवून प्रवाह अडवतात आणि ठरलेल्या वेळी तो धागा ओढून काढतात. तिथे गुठळी नसतेच, ताई. गुठळी विरघळवणारं औषध दिलं जातं, पण विरघळवायला काही नसतं. अशा प्रयोगातून औषधाचा त्रास दिसू शकतो, त्याचं मूळ काम दिसत नाही. आणखी एक गोष्ट भाच्याला विचारा, त्याला आवडेल : डोस किती होता? माणसाला अल्टेप्लेज, म्हणजे हेच टीपीए, किलोमागे ०.९ मिलिग्रॅम देतात, कितीही वजन असलं तरी ९० मिलिग्रॅमच्या वर नाही. उंदरांना सर्रास किलोमागे १० मिलिग्रॅम देतात, कारण माणसाचं टीपीए उंदराच्या गुठळीवर फार कमी जोराने चालतं. म्हणजे दहापटीहून जास्त औषध अंगात, त्यातलं गुठळीच्या कामी येणारं थोडं, आणि रक्तवाहिन्यांना त्रास द्यायला बाकीचं मोकळं.

एवढं वाचून ‘म्हणजे उंदरांचं सगळं थोतांड’ असं म्हणून मोकळं होऊ नका. ती दादांच्या उलट दिशेची चूक होईल. हे औषध आपल्यापर्यंत आलंच मुळी सशांमार्फत. १९८५ साली जस्टिन झिविन आणि सहकाऱ्यांनी सशांच्या मेंदूत गुठळ्या सोडून टीपीए दिलं, तेव्हा सशांचं अपंगत्व कमी झालं. तो निबंध ‘सायन्स’मध्ये छापून आला आणि दहा वर्षांत माणसांवरची मोठी चाचणी पुरी झाली.

शिवाय मधुमेही उंदरांनी जी गोष्ट दाखवली ती खरी काळजीची आहे. आपल्या मेंदूच्या केशवाहिन्यांच्या भिंती बाकीच्या शरीरापेक्षा घट्ट शिवलेल्या असतात, त्यामुळे रक्तातलं वाट्टेल ते मेंदूत शिरत नाही. स्ट्रोकमध्ये ही शिवण उसवायला लागते. वाढलेली साखर ती आणखी उसवते. टीपीए हे शेवटी प्रथिनं तोडण्याच्या साखळीतलं विकर, म्हणजे एन्झाइम, आहे. फटीतून ते मेंदूच्या ऊतीत उतरलं की एमएमपी-९ नावाच्या दुसऱ्या विकराला चेव आणतं, आणि ते भिंतीचा पायाच कुरतडतं. मग प्रवाह परत सुरू झाला की उसवलेल्या जागेतून रक्त बाहेर.

दुसऱ्या बाजूला डायबेटीसमध्ये गुठळीही चिवट होते. तिच्या धाग्यांवर साखर चिकटते, वीण दाट होते, आणि रक्तात पीएआय-१ नावाचं टीपीएला आवरून धरणारं प्रथिन वाढलेलं असतं. म्हणजे औषधाचा गुण कमी आणि अवगुण जास्त, अशी दुहेरी पंचाईत. दादांना जी भीती वाटली ती हवेतली नाही.

यात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो २०११ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने दाखवलेला मुद्दा. त्यांनी उंदरांची साखर वाढवली आणि स्ट्रोकनंतर टीपीए दिलं. रक्तस्राव वाढला. पण वाढलेल्या साखरेवर चालणारं एक विकर, जे सुपरऑक्साइड नावाचे मारक कण तयार करतं, ते औषधाने बंद पाडलं तर हा जादा रक्तस्राव कमी झाला. म्हणजे दोष नुसता ‘डायबेटीस’ या शिक्क्यात नाही, त्या घटकेला रक्तात असलेल्या साखरेतही आहे.

हे वाचून कुणालाही वाटेल की मग स्ट्रोक आल्या आल्या साखर झपाट्याने खाली आणावी. डॉक्टरांनाही वाटलं. अमेरिकेत ‘शाइन’ नावाची चाचणी झाली, १,१५१ रुग्ण, बहुतेक मधुमेही, निकाल २०१९ साली आला. एका गटाची साखर इन्सुलिनच्या ड्रिपवर ८० ते १३० मध्ये ठेवली, दुसऱ्याची नेहमीच्या पद्धतीने १८० च्या खाली. तीन महिन्यांनी चांगले बरे झालेले पहिल्या गटात २०.५ टक्के, दुसऱ्यात २१.६. फरक नाहीच. शिवाय कडक गटातल्या २.६ टक्के लोकांची साखर धोकादायक खाली गेली, दुसऱ्या गटात एकाचीही नाही. उंदराने सांगितलेलं कारण खरं असूनही माणसात त्यावरचा सरळ वाटणारा उपाय चालला नाही. म्हणून आता साधारण १४० ते १८० मध्ये ठेवतात. आणि म्हणूनच, अशी वेळ आलीच तर तुम्ही घरी घाबरून बाबांना जास्तीचं इन्सुलिन टोचायचं नाही.

या क्षेत्रात असं वारंवार झालंय. २००६ साली एका गटाने मोजदाद केली : स्ट्रोकसाठी प्रयोगशाळेत तपासलेले १,०२६ उपाय, त्यातले माणसांपर्यंत पोहोचले ११४. मेंदूच्या पेशी वाचवण्याचा दावा करणारी औषधं उंदरांत एकामागून एक चमकली आणि माणसांत आपटली. तरुण, निरोगी उंदीर हे त्याचं एक मोठं कारण मानलं गेलं. अलीकडे अमेरिकेच्या ‘स्पॅन’ या प्रकल्पात सहा प्रयोगशाळांनी मिळून सहा उपाय अडीच हजारांहून जास्त उंदरांवर तपासले, आणि त्यात म्हातारे, उच्च रक्तदाबाचे, लठ्ठपणामुळे साखर वाढलेले असे उंदीरही घेतले. मधुमेही उंदरांचे निबंध निघतात ते याच हेतूने. डायबेटीसच्या रुग्णाला टीपीएच्या जोडीला काय द्यावं म्हणजे शिवण उसवणार नाही, ही त्यांची शोधाशोध आहे. इंजेक्शन देऊ नका, असं सांगणारी ती सूचना नव्हे. मिनोसायक्लिन, नियासिन वगैरे जोडून बघणारे निबंधही त्याच वाटेवरचे.

आता माणसांकडे या. १९९५ ची ती मोठी चाचणी : ६२४ रुग्ण, तीन तासांच्या आत औषध. त्यात डायबेटीस असलेलेही होते. तीन महिन्यांनी जवळपास पूर्ववत झालेले टीपीए गटात ३९ टक्के, औषधाविना २६. मेंदूत त्रास होण्याइतका रक्तस्राव टीपीए गटात ६.४ टक्के, दुसऱ्यात ०.६. हा धोका खरा आहे, कुणी तो लपवत असेल तर विश्वास ठेवू नका. पण तो धरूनही मृत्यू वाढले नाहीत आणि आपल्या पायांवर घरी जाणारे वाढले. डायबेटीस असलेल्यांचा निकाल एकूण थोडा डावा लागतो, तो टीपीए दिलं तरी आणि न दिलं तरी. डावा निकाल लागणाऱ्याला औषधाचा फायदाच होत नाही, असा त्याचा अर्थ नाही.

इथे बाबांचं वाक्य परत वाचा. ‘मला अंथरुणावर खितपत ठेवू नका.’ या इंजेक्शनचा मुख्य फायदा जीव वाचवण्यात नाहीच, परावलंबित्व टाळण्यात आहे. बाबांना जे नको आहे त्याच्याच विरुद्धचं हे औषध, आणि बाबांच्या इच्छेचा मान राखायचा म्हणून दादा तेच बंद करायला निघालेत. दादांवर रागावू नका. वडिलांची काळजी करणारा मुलगा रात्री अकरा वाजता मोबाइलवर वाचत बसला की असंच होतं. मात्र बाबांना हे माझ्या शब्दांत समजावून सांगा आणि मग त्यांनाच विचारा. रक्तस्रावाचा धोका ऐकूनही ते नको म्हणाले, तर तो त्यांचा निर्णय. दादांचा नाही, तुमचा नाही.

‘डायबेटीस आणि आधी स्ट्रोक म्हणजे चालत नाही’, हे दादांना कुठे सापडलं त्याचा अंदाज आहे. २००८ साली युरोपात तीन ते साडेचार तासांच्या टप्प्यातली चाचणी झाली, ८२१ रुग्णांवर. सुरुवातीलाच ठरवलं गेलं की दोन्ही गोष्टी असलेल्यांना चाचणीत घ्यायचं नाही. म्हणजे त्यांना औषध बाधलं म्हणून बाहेर काढलं असं नाही. ते आतच आले नव्हते. युरोपातल्या औषधाच्या माहितीपत्रकातही हाच नियम ‘देऊ नये’ म्हणून होता आणि तो इंटरनेटवर फिरत राहिला. नंतर अशा रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांनाही फायदा होताना दिसला. २०१९ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांमध्ये या टप्प्यातही त्यांना देणं योग्य ठरू शकतं, असं म्हटलंय. त्या सूचनांनुसार तीन तासांच्या आत तर हा प्रश्न येतच नाही. आधीचा स्ट्रोक गेल्या तीन महिन्यांतला असता तर गोष्ट वेगळी होती. बाबांचा दोन वर्षांपूर्वीचा. डोळ्यांचं लेझर झालंय हे मात्र डॉक्टरांना जरूर सांगा. पडद्यावर रक्तस्राव झालेला असेल तर नजरेला जास्तीचा धोका असतो, पण तेवढ्यावरून इंजेक्शन नाकारत नाहीत.

तुमच्या मुलीचा प्रश्न राहिला. हो, मुद्दाम करतात. आपल्याकडे १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली समिती आहे, परवानगीशिवाय असा प्रयोग करता येत नाही. किती प्राणी, भूल कोणती, दुसरा मार्ग का नाही, हे सगळं लेखी द्यावं लागतं. नवी मुंबईत खारघरच्या अॅक्ट्रेकमध्ये कर्करोगाच्या संशोधनासाठी असं प्राणिगृह आहे. तिला हे बरोबर वाटतं का, हे तिने ठरवावं. माझं स्वतःचं मत वर्षांगणिक बदललंय. जो प्रयोग नीट रचलेला नाही, ज्यातून काही शिकताच येणार नाही, त्यात मेलेल्या उंदराबद्दल मला जास्त वाईट वाटतं. गुठळी नसलेल्या स्ट्रोकवर गुठळीचं औषध, हे त्याच माळेतलं.

आता फाइल. खरं तर फाइल नकोच, ती वेळेवर सापडत नाही. एक कागद करा आणि फ्रिजवर लावा. बाबांची औषधं, त्यात रक्त पातळ करणारी कोणती आणि किती, आधीच्या स्ट्रोकची तारीख, लेझरची तारीख, शेवटचं एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी). खाली मोठ्या अक्षरांत १०८. त्याखाली रिकामी ओळ : ‘शेवटचे धडधाकट दिसले ती वेळ’. इंजेक्शनचं साडेचार तासांचं घड्याळ तिथून चालू होतं, तुमच्या लक्षात आलं तेव्हापासून नाही. झोपेतून उठताना झटका दिसला तर झोपायला गेले ती वेळ लिहायची आणि तरीही निघायचं. मोठी गुठळी असेल तर ती नळी घालून काढायची सोय निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत असते.

हॉस्पिटल आजच ठरवा. फोन करून दोनच गोष्टी विचारा : रात्री दोन वाजता सीटी स्कॅन होतो का, आणि गुठळीचं इंजेक्शन तुमच्याकडेच ठेवलेलं असतं का, की नातेवाइकांना मेडिकलला पिटाळता? उत्तर ‘बघू, डॉक्टरांना विचारून सांगतो’ असं आलं तर पुढचा नंबर फिरवा. कासारवडवलीहून कापूरबावडी नाक्याच्या ट्रॅफिकपलीकडे जायचं म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको. स्ट्रोकमध्ये मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी दर मिनिटाला मरतात, असा एक अंदाज आहे. शक्यतो त्या नाक्याच्या अलीकडचं बघा. ओळखीच्या नर्सिंग होममध्ये ‘आधी दाखवून’ पुढे जाऊ नका, फॅमिली डॉक्टरांची वाट बघू नका.

तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं जड, यातलं काहीही दिसलं की आधी १०८ ला फोन. गाडी येईपर्यंत ग्लुकोमीटर लावा. बाबा रात्री इन्सुलिन घेतात; पहाटे साखर फार उतरली तरी हुबेहूब झटक्यासारखं दिसतं. आकडा ७० च्या खाली असेल तर तो १०८ च्या फोनवरच सांगा. तोंडाने काही देऊ नका. पाणी नाही, साखर नाही, अॅस्पिरिन तर नाहीच. गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं, आणि स्ट्रोक गुठळीचा की रक्तस्रावाचा हे सीटीशिवाय कुणालाच कळत नाही.

पुढच्या तपासणीला बाबांच्या न्यूरॉलॉजिस्टना हे पत्र आणि भाच्याचा निबंध दोन्ही दाखवा. दादांना बरोबर न्या, प्रश्न त्यांना विचारू द्या. आणि त्या कागदावर बाबांचं वजन लिहायला विसरू नका. डोस किलोवर ठरतो, मध्यरात्री कुणाला आठवत नाही, आणि ‘असेल सत्तर-बहात्तर’ म्हणणारा जावई प्रत्येक घरात असतो.